लोंबत्या केसाची कसोटी

धारवाल्याचा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत होता आणि उजवा अस्वलासारखा. नवख्या माणसाला वाटे, बिचाऱ्याला कातडीचा काहीतरी आजार दिसतो. आजार नव्हता, धंदा होता. सुरीला धार चढली की नाही, याचा शेवटचा निकाल तो डाव्या हातावर लावत असे. पातं कातडीवर जवळजवळ आडवं ठेवायचं, जोर म्हणून द्यायचा नाही, आणि अलगद पुढं न्यायचं. केस उडाले तर सुरी गिऱ्हाइकाला, नाही उडाले तर पुन्हा दगडाला. दिवसभरात इतकी पाती त्या हातावरून जात, की तिथं उगवायची केसांनी हिंमतच सोडली होती. उजव्या हातात सुरी धरायची असल्यामुळे तो हात तेवढा या सगळ्यातून सुटला होता.

दुकान म्हणजे दोन इमारतींच्या मधली फट. वर पत्रा, समोर फळी, फळीमागे तो, आणि फळीपुढे गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. पाण्याची बादली, तीन दगड, भिंतीला टांगलेला चामड्याचा पट्टा, एवढाच संसार. चाक त्याने कधी ठेवलं नाही. चाकावर ठिणग्या उडतात आणि लोक तोंड उघडं टाकून बघत उभे राहतात. पण त्या ठिणग्या म्हणजे आपलंच पोलाद जळत चाललंय, हे कोणी लक्षात घेत नाही. तो हाताने धार लावी. खरबरीत दगड, मग मधला, मग लोण्यासारखा मऊ, आणि शेवटी पट्टा. गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ असं तो कधीच म्हणत नसे. शिंपी म्हणतो, चांभार म्हणतो, शेजारच्या टपरीतला किल्लीवाला तर झोपेतही म्हणतो, हा म्हणे, “बसा, देतो.”

“अरे, एकदा तरी उद्या म्हण,” किल्लीवाला त्याला सांगे. “लगेच मिळालेल्या गोष्टीची माणसाला किंमत नसते. माझं बघ. कुलूप मिनिटात उघडतं, पण मी घाम पुसत पुसत उघडतो.”

“तू कुलपं उघडतोस. मी सुऱ्या देतो. बोथट सुरी घरात ठेवून माणसाला रात्र काढायला लावायची म्हणजे काय?”

एवढ्या तत्त्वाच्या माणसाच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार होता. घर चालवायची त्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती धाकट्या भावाकडे आली ती त्याच्यावर उपकार करायला, असं तिचं म्हणणं, आणि ते खोटंही नव्हतं. ताईने घरात धारेची सुरी येऊ दिली नव्हती. एकच जुनी सुरी होती, तिने टोमॅटो कापला जात नसे. तो शरण येत असे.

“दे की गं, दोन मिनिटांत लावून देतो,” तो म्हणे.

“नको बाबा. तुझी हौस दुकानात. मला दहाच्या दहा बोटं लागतात.”

मापवाले साहेब दुकानात आले तेव्हा धारवाल्याला त्यांची ओळख करून देण्याची गरज नव्हती. आख्ख्या बाजारात ती कोणालाच नव्हती. वजनमापं तपासण्याच्या खात्यात त्यांनी हयात घालवली होती. आवाज चढवलेला कोणी ऐकला नव्हता. दुकानात शिरायचे, तराजूखाली हळूच बोट घालायचे, वजन उलटं करून बघायचे आणि हसायचे. ते हसले की दुकानदाराने शटर खाली ओढायला घ्यावं. लाच घेत नसत, शिवी देत नसत, चहासुद्धा पीत नसत; असल्या माणसाशी बोलायचं तरी काय, म्हणून लोक त्यांना जरा जास्तच घाबरत. आता ते निवृत्त झाले होते. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. तपासायला बाजार राहिला नाही, तेव्हा साहेब घर तपासायला लागले असावेत. पण ही पुढची गोष्ट. त्या दिवशी धारवाल्याला एवढंच दिसलं, की इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस स्वयंपाकघरातली सुरी रुमालात गुंडाळून घेऊन आला आहे आणि स्टुलावर बसून त्याचं काम डोळे न मिटता बघतो आहे.

काम झाल्यावर साहेबांनी विचारलं, “धार लागली हे तुम्हाला कसं कळलं?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता. लोक ‘किती वेळ?’ विचारत. धारवाल्याने हात पुसले आणि सुरी उजेडात धरली. माणूस साधा होता, पण आपल्या कलेला अखेर कोणीतरी डोळे घेऊन आलं, म्हटल्यावर साधा माणूसही तंबोरा लावून बसतो.

“हे बघा साहेब. धार सरळ डोळ्यांसमोर धरायची. कुठं चकाकी दिसली, तर तिथं बोथट. खरी धार दिसत नाही.”

“दिसत नाही,” साहेब म्हणाले. त्यांना ते आवडलं.

“मग नख. नखावर टेकवली की घसरता कामा नये, रुतली पाहिजे. मग कागद. मग हात, असा. पण एक लक्षात ठेवा, खोटी धारही असते. दगडावर घासलं की काठाला पोलादाचा पापुद्रा सुटतो, केसाहून बारीक. तो पट्ट्यावर काढून टाकायचा. आळशी कारागीर तसाच ठेवतो. तसली सुरी नखावर रुतते, कागद कापते, आणि पहिला कांदा चिरेपर्यंत पापुद्रा लवंडतो. मग उलथनं आणि ती सारखीच. अंगठा असा बाजूने फिरवला की एका अंगाला अडकते. अडकली, की समजायचं, फसवलं.”

“खोटं माप,” साहेब म्हणाले.

“तेच. आणि सगळ्यात वरची कसोटी म्हणजे लोंबता केस. लांब केस वरून एका टोकाला धरायचा, खालून मोकळा सोडायचा, आणि पातं नुसतं टेकवायचं. ओढायचं नाही. तुटला, तर ती धार.” धारवाल्याने आपल्या टकलावरून हात फिरवला. “पण त्याला लांब केस लागतात. आमच्याकडे तो माल कधीच संपला.”

साहेब हसले. “आमच्याकडे आहेत,” ते म्हणाले.

त्यानंतर साहेब वरचेवर येऊ लागले. येताना कधी एक सुरी, कधी दोन. कसोट्या त्यांनी एकदा ऐकून तोंडपाठ केल्या होत्या. आता ते धारवाल्याच्या आधी नखावर टेकवून बघत, कागद स्वतःचा आणत. धारवाला खूश होता. जाणकार गिऱ्हाईक म्हणजे कारागिराला जावयापेक्षा लाडकं. किल्लीवाल्याला मात्र ते पटत नव्हतं. “माणूस एका सुरीची धार लावून महिनोन्महिने येत नाही. हा सारखा येतो. घरात काय हत्ती चिरतोय का?”

हा प्रश्न धारवाल्याच्या मनात शिरला नव्हता असं नाही. पण साहेबांनीच तो एके सकाळी वेगळ्या तऱ्हेने काढला. सुरी फळीवर ठेवली आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, “धारवाले, तुमची धार टिकत नाही.”

धारवाल्याच्या कानशिलात भडकावली असती तरी त्याला इतकं लागलं नसतं. त्याने सुरी उचलली, उजेडाकडे धरली. मुठीपासून टोकापर्यंत एकसलग पांढरी रेघ चकाकत होती. त्याने भिंग काढलं. वापरून गेलेली धार कुठे जास्त जाते, कुठे कमी; जिथं हात रोजचा पडतो तिथं पोट खचतं, टोक तसंच राहतं. ही धार गेली नव्हती. घालवली होती. कोणीतरी सुरी उभी धरून दगडी पायरीवर सरळ घासली होती, शांतपणे, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

आता इथं माणसाने गप्प बसावं. पण ज्याचं नाव निघालं, तो गप्प बसत नाही.

“माझी धार टिकते, साहेब,” तो म्हणाला. “ही कोणीतरी मुद्दाम मारली आहे. हे बघा, दगडावर घासल्याच्या खुणा. तुमच्या घरात कोणीतरी बोथट करतंय.”

साहेबांनी भिंगातून बराच वेळ पाहिलं. मग भिंग पुसून परत दिलं.

“घरात आम्ही तिघंच आहोत,” ते म्हणाले. “मी, आमची ही, आणि हिची आई. आई अंथरुणावर असतात.”

ते हसले. बाजाराने ज्या हसण्यानंतर शटरं ओढली होती, ते हसणं धारवाल्याने त्या दिवशी पहिल्यांदा ओळखलं. आपला मान राहिला, एवढ्या समाधानात त्याने सुरी लावून दिली. केस उडाले. साहेब ती रुमालात गुंडाळून घेऊन गेले, आणि जरा वेळाने धारवाल्याला उगाचच थंडी वाजल्यासारखं झालं. बादलीतल्या पाण्यात हात फार वेळ राहिला असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं.

पुढच्या खेपेला साहेब आले नाहीत. बाई आल्या.

ऐन उकाड्यात लांब बाह्या घातलेली, साहेबांहून बऱ्याच लहान वयाची बाई. हातात तोच रुमाल. “ह्यांनी पाठवलंय. आता सुऱ्या मीच आणायच्या आणि मीच न्यायच्या, म्हणजे मला किंमत कळेल, असं म्हणाले,” असं तिने एका दमात सांगितलं आणि स्टुलावर न बसता उभी राहिली.

“बसा की वहिनी. वेळ लागेल.”

“जास्त लागू देऊ नका भाऊ. आईजवळ ते बसलेत.”

वाक्य साधं होतं. सासूजवळ जावई बसला आहे, यात घाबरण्यासारखं काही नसतं. पण बाईंनी ते ज्या आवाजात म्हटलं, त्याने धारवाल्याचा दगडावर पाणी मारणारा हात थांबला. तिने रुमाल सोडायला हात पुढे केला तशी बाही वर सरकली. हातावर केस नव्हते. म्हणजे, पट्ट्यापट्ट्यांनी नव्हते. एक पट्टा गुळगुळीत, मग जरा जागा सोडून दुसरा, तिसरा, वहीत रेघा मारल्यासारखे नीटनेटके. शेवटच्या पट्ट्यात एक बारीक, लाल, वाळलेली रेघ होती.

सबंध जगात त्या खुणांचा अर्थ एका नजरेत कळणारी जी काही मोजकी माणसं असतील, त्यांतला एक तिच्या समोर बसला होता. त्याने नकळत स्वतःच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

“हात हलला म्हणून लागलं,” बाई म्हणाल्या. “हललं की माझीच चूक असते.”

“रोज?”

“जेवणं झाली की. आधी उजेडात बघतात, मग नख, मग कागद. मग मला हाक मारतात.” बाईंचा आवाज सपाट होता, पुष्कळदा मनात म्हटलेली गोष्ट बोलताना होतो तसा. “म्हणून मी मागच्या पायरीवर घासायची. धार नसली की कागदाशीच थांबायचे. मग त्यांना कळलं. कोणी सांगितलं कोण जाणे.”

धारवाल्याने मान खाली घातली. समोर दगड होता, त्याकडे बघणं सोपं होतं.

“आता बोथट नेली तर मी केली म्हणतील. धारेची नेली तर…” बाईंनी बाही खाली ओढली. “आईच्या हाताला केसच नाहीत, वयाने गेलेत. मला वाटायचं, बरं झालं. मग परवा त्यांनी आईच्या डोक्याकडे पाहिलं. तिचे केस अजून लांब आहेत हो. एक केस उचलून धरतात. तोडून घेत नाहीत. डोक्यावरचाच धरतात, उशीवर. म्हणतात, लोंबता पाहिजे.”

ती निघून गेली तेव्हा सुरीला खरी धार होती. दुसरं काय करायचं हे हातांना माहीतच नव्हतं. सवयीने त्यांनी धार लावली, सवयीने पट्ट्यावर ओढली, आणि सवयीने ती रुमालात बांधून त्या बाईच्या हातात दिली.

घरी त्याने जेवणाला हात लावला नाही. ताईने दोनदा वाढलं आणि तिसऱ्यांदा ताटच ओढून घेतलं. “बोल.” तो बोलला. सगळं, भिंगाचंसुद्धा.

ताईने ताट बाजूला सरकवलं. मग म्हणाली, “माकडाच्या हाती कोलीत देतात हे ऐकलं होतं. तू त्याला काडी कशी ओढायची तेही शिकवलंस. आणि वर चहाडी!”

“माझं नाव निघालं होतं ताई.”

“हं. नाव. ते आता मांडीवर घेऊन बस.”

“चौकीत सांगावं का?”

“काय सांगणार? नवऱ्याने बायकोच्या हातावरचे केस काढले? हसतील, आणि त्यालाच खुर्ची देतील.” तिने तिची ती शरणागतीची सुरी उचलली आणि भाकरीवर आपटून दोन तुकडे केले. “ती पळत का नाही?”

“आईला टाकून कशी पळेल? ही बाहेर गेली की तो म्हातारीजवळ बसतो. आणि तो स्वतः हल्ली घर सोडतच नाही. आता तर सुऱ्यासुद्धा हिच्या हाती पाठवतो.”

“म्हणजे त्याला घराबाहेर काढायला हवा,” ताई म्हणाली. “असा माणूस कशाने बाहेर पडतो?”

तिने भाकरीचा एक तुकडा त्याच्यापुढे सरकवला. मग ताई एकदम हसली, आणि ते हसणं काही फार चांगलं नव्हतं. “तू नवा नवा शिकत होतास तेव्हा मला एक सुरी आणून दिली होतीस. आठवतं? कागद कसा कापते ते दाखवत घरभर नाचलास. आणि अर्धा कांदा होईतो तिचा चमचा झाला होता.”

“पापुद्रा,” धारवाला म्हणाला. “उस्तादांनी त्या दिवशी मारलं होतं मला.”

“बायकोची चूक असली तर हा घरातच निवाडा करतो. दुकानदाराची चूक असली, तर?”

धारवाल्याने बहिणीकडे पाहिलं. खोटं माप पकडायला साहेब आयुष्यभर एकाच ठिकाणी गेले होते: दुकानात, स्वतः, पायी.

पुढच्या वेळी बाई सुरी घेऊन आल्या तेव्हा स्टुलावर ताई बसलेली होती. तिने बाईंचा हात धरला आणि आपल्या आवाजाला जमेल तितक्या हळू सगळं सांगितलं. जायला कोण आहे ते बाईंकडूनच काढून घेतलं: मावसबहिणीचं गाव. तिथवर न्यायला टेम्पो, टेम्पोत गादी. बाई ऐकत होत्या आणि मान हलवत होत्या. होकाराची की नकाराची, त्यांनाही कळत नसावं.

“पण बाहेर पडले तर ते कुलूप लावून जातील,” त्या म्हणाल्या. “बाहेरून.”

शेजारच्या टपरीतून आवाज आला, “कुठलं कुलूप?”

“पितळी. मोठं आहे.”

“मोठं असलं की सोपं असतं,” किल्लीवाला म्हणाला. “घाम पुसायचासुद्धा वेळ मिळायचा नाही मला.”

मग धारवाल्याने ती सुरी घेतली आणि आयुष्यातलं सगळ्यात वाईट काम सगळ्यात काळजीपूर्वक केलं. खरबरीत दगडावर एकाच अंगाने घासून त्याने काठाला पापुद्रा आणला, मऊ दगडावर तो नुसता सरळ उभा केला, आणि पट्ट्याला हात लावला नाही. नखावर सुरी रुतली. कागद चर्रकन गेला. अंगठा बाजूने नेला, तेव्हा तो एका अंगाला स्पष्ट अडकला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, त्याला वाटलं. पण यावेळी अवलक्षण दाखवायचंच होतं.

“वहिनी, ते विचारतील. तुम्ही काही बोलू नका. त्यांचा अंगठाच त्यांना सांगेल.”

बाई गेल्या. ताई टेम्पोकडे गेली. धारवाला बसून राहिला. रस्त्यावर नेहमीची माणसं नेहमीसारखी जात होती. कोणीतरी कात्री घेऊन आलं. त्याने ती लावून दिली, आणि काय बोलला ते त्याला नंतर आठवलं नाही.

साहेब आले ते दुपारची जेवणं उरकल्यावर, उन्हं कलताना. शर्ट इस्त्रीचा, भांग सरळ. त्यांनी रुमाल फळीवर ठेवला, त्याच्या घड्या एकेक करून उघडल्या.

“धारवाले, हे काय आहे?”

“सुरी आहे साहेब.”

“अंगठा अडकतो.” ते मऊ आवाजात म्हणाले. “पापुद्रा. तुम्हीच शिकवलंत. नखावर रुतली, कागद गेला, आणि पुढं केसावर लवंडली. ही खोटी धार आहे.”

शेजारी शटर अर्ध्यावर आलं. “मी जरा चहा घेऊन येतो,” किल्लीवाला कोणालाही उद्देशून म्हणाला आणि हत्यारांची पिशवी खांद्याला लावून चालू लागला.

साहेबांनी मान वळवून त्याच्या पाठीकडे पाहिलं. “चहाला पिशवी लागते?”

“त्याचा भरवसा नाही साहेब,” धारवाला घाईने म्हणाला. “तुमच्या सुरीचं म्हणाल तर चूक झाली. वय झालं, हाताला कळत नाही. खरं सांगू? मला आता सगळ्याच कामाची धास्ती वाटते. या बघा, गिऱ्हाइकांच्या सुऱ्या लावून ठेवल्यात, न्यायला यायचेत लोक. यातल्या किती खोट्या असतील कोण जाणे. कोणी जाणकाराने तपासल्या असत्या तर…”

साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. भुकेल्या माणसापुढून झाकलेलं ताट उघडावं तसा. निवृत्त झाल्यापासून त्यांना सबंध दुकान कोणी दिलं नव्हतं. ते स्टुलावर बसले, बाह्या दुमडल्या, आणि पहिली सुरी उचलली.

उजेड. नख. कागद. त्यांना घाई नव्हती. मग त्यांनी धारवाल्याचा डावा हात पाहिला आणि जीभ टाळ्याला लावून च्च केलं. “इथं काही शिल्लक नाही. दुसरा द्या.”

धारवाल्याने उजवा हात फळीवर ठेवला. या हाताला पात्याची सवय नव्हती. आणि सुरी धरायला दुसरं कोणी हवं होतं, ते समोर होतं.

“हलू नका,” साहेब म्हणाले. “हललात तर चूक तुमची.”

पातं आलं. केस उडाले. नीट, सरळ पट्टा. साहेबांनी फुंकर मारली, सुरी डावीकडे ठेवली, दुसरी उचलली. प्रत्येक सुरी धारवाल्याने स्वतः लावलेली, प्रत्येकीचा पापुद्रा काढलेला, आणि प्रत्येक पातं जन्मभराच्या इमानाने त्याच्या कातडीवरून सरकत होतं. आपण किती चांगलं काम करतो, हे त्याला इतक्या बारकाईने कधी कळलं नव्हतं, आणि कळायला नको होतं. दुसरा पट्टा. तिसरा. मनगटाच्या आतल्या बाजूला जिथं निळी शीर वर येते, तिथं साहेब थांबले आणि शिरेकडे जरा बघत राहिले.

“इथं केस नाहीत साहेब.”

“नाहीत,” साहेब म्हणाले. पण पातं त्यांनी लगेच उचललं नाही.

धारवाल्याचं तोंड रस्त्याकडे होतं, साहेबांची पाठ. गल्लीच्या टोकाला टेम्पो आला; गावाबाहेर पडायची वाट तिथूनच होती. पुढं ताई ताठ बसली होती, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखी. मागे गादीवर म्हाताऱ्या बाईचं पांढरं डोकं दिसलं, आणि तिच्यावर ओणवलेली, लांब बाह्यांची एक पाठ. समोर हातगाडी आडवी आली होती. टेम्पो थांबला. हातगाडीवाला निवांत होता.

“कुठं बघताय?” साहेबांनी विचारलं.

“कुठं नाही.”

“तुमची शीर उडायला लागली.” ते शिरेकडेच बघत होते. “मघाशी उडत नव्हती. मागे काय आहे?”

“टेम्पो आहे साहेब.”

खरं बोलणं त्याला एवढंच सुचलं. साहेबांनी मान वळवायला सुरुवात केली. धारवाल्याने हात हलवला. मुद्दाम, किंचित. चांगल्या धारेने कापलेलं आधी दुखत नाही. आधी नुसती पांढरी रेघ उमटते, मग ती लाल होते. साहेबांची मान परत फिरली. त्यांनी रेघेकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर खराखुरा राग आला, काम बिघडल्याचा.

“सांगितलं होतं, हलू नका.”

“चूक माझी,” धारवाला म्हणाला.

टेम्पोचा आवाज वाढला, मग वळला, मग कमी होत गेला. साहेबांनी हातात घेतलेलं काम टाकलं नाही. उरलेल्या सुऱ्या त्यांनी एकेक करून संपवल्या, आणि सगळ्या तपासून झाल्यावर रांगेकडे बघत बसले.

“सगळ्या खऱ्या आहेत,” ते म्हणाले. “एकही खोटी नाही. खोटी फक्त माझी.” त्यांना विचार करताना पाहणं म्हणजे विहिरीत दगड सोडून आवाजाची वाट बघण्यासारखं होतं. “म्हणजे ही चूक नव्हे.”

धारवाल्याने मनगटाला फडकं गुंडाळलं. साहेब उठले, बाह्या सरळ केल्या, गुंड्या लावल्या, आणि घराकडे निघाले. धावले नाहीत. सुरी फळीवरच राहिली.

त्या दिवशी धारवाला दुकान बंद करून घरी गेला तेव्हा घर रिकामं होतं; ताई त्या दोघींना पोचवून दुसऱ्या दिवशी परतायची होती. तो दाराकडे तोंड करून बसून राहिला. कोणी आलं नाही. सकाळी दुकान उघडायला गेला, तर स्टूल फळीपुढे होतं आणि स्टुलावर साहेब होते. शर्ट इस्त्रीचा होता, पण इस्त्री बाईंची नव्हती. बाहीवर दुहेरी घडी पडली होती.

“घरात कोणी नाही,” ते म्हणाले. हवापाण्याचं बोलावं तसं. “माझी सुरी द्या. खरी धार लावून. मी बसतो.”

ते नेहमीच बसत आले होते, आणि तो नेहमीच म्हणत आला होता, बसा, देतो. ते शब्द सवयीने त्याच्या तोंडापर्यंत आले. हात दगडाकडे गेला. सुरी तिथंच होती, लवंडलेल्या काठाची, आणि कुठल्याही बोथट सुरीसारखी ती त्याला बोलावत होती.

“उद्या या,” धारवाला म्हणाला.

शेजारी किल्लीवाल्याच्या कानशीचा आवाज थांबला.

साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं. मग ते उठले. “उद्या,” ते म्हणाले, आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते आले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. कधी उशिरा नाहीत, कधी लवकर नाहीत. धारवाला रोज उद्या म्हणतो, आणि ते रोज मान हलवून जातात. ताई परत आल्यापासून दुपारी दुकानात येऊन बसते, विणकाम घेऊन. तिने एकही टाका आजवर सरळ घातलेला नाही. मावसबहिणीच्या गावाहून निरोप आला, म्हातारीचे केस आता मुलगीच विंचरते. गिऱ्हाइकं मात्र जरा कमी झालीत. साहेब सकाळी दुकानापुढे बसलेले दिसतात, म्हणजे इथं काहीतरी खोटं सापडलेलं असणार, असं बाजार समजतो. धारवाला कोणाला काही सांगत नाही. ती एक सुरी तेवढी तो दर दोन दिवसांनी तेलाच्या फडक्याने पुसतो, गंजू नये म्हणून. धार लावत नाही.

परवा साहेब उठता उठता थांबले. फळीवर धारवाल्याचा उजवा हात होता. त्याच्याकडे त्यांनी वाकून पाहिलं, माळी रोपाकडे बघतो तसं.

“केस येतायत परत,” ते म्हणाले, आणि खूश झाले.